काटा चाळीसवर

व्हर्न लिंडहोमने शर्टाच्या टोकाला चष्मा पुसला, कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवून मला विचारलं, "हा असामान्य माणूस कोण?"

"मी," मी म्हणालो.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं. तिच्या मागच्या दिव्याला चिकटपट्टी लावलेली होती.

"आणि हे लिहिलंय कोणी?"

"तू. म्हणजे तू लिहिणार आहेस. म्हणजे लिहिलंय मीच, तू फक्त सही करायची."

"असं," व्हर्न म्हणाला आणि तिसऱ्यांदा पहिल्या ओळीवर गेला.

ऑक्टोबरचा शनिवार होता. नेब्रास्का राज्याच्या मधोमध, नकाशावर बोट ठेवलं तर नखाखाली तीन गावं जातील अशा भागात, व्हर्न मक्याचं एक सरकारमान्य उंच कोठार चालवायचा. दहा-बारा मजली सिमेंटची नळकांडी, त्यांत खालून वर मका चढवणारा बादल्यांचा पट्टा, आणि पायथ्याशी व्हर्नचं ऑफिस. ऑफिसात गावातल्या बंद पडलेल्या गोष्टी त्याने आणून ठेवल्या होत्या. न्हाव्याची फिरती खुर्ची, पोस्टाची खिडकी, दारावर शाळेतली विजेची घंटा. मला न्हाव्याच्या खुर्चीत बसवायचा. त्यामुळे त्याच्याशी बोलताना आता हा आपले केस कापणार असं मला दर वेळी वाटायचं.

व्हर्न एकाहत्तर वर्षांचा, मी पंचेचाळीस. सांगलीत असता तर मी त्याला अहो काका म्हटलं असतं आणि आम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोललो नसतो. इथे तो व्हर्न होता आणि मी, डॉक्टरेट केलेली असल्यामुळे, डॉक. जयवंत पोंक्षे हे त्याने एकदा म्हणून पाहिलं होतं. नंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

पत्राचं प्रकरण बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगतो. अमेरिकेत कायमचं राहायचं कार्ड बहुतेकांसाठी त्यांची कंपनी मागते. पण आणखी एक रस्ता आहे. आपणच आपल्यासाठी अर्ज करायचा आणि सांगायचं की मी इतका असामान्य आहे, की माझ्यासाठी कुणी शब्द टाकायची गरजच नाही. एवढं सांगून झालं की पुराव्यादाखल सहा जणांचे शब्द जोडायचे. आणि ती सहा पत्रं, रिवाजाप्रमाणे, आपणच लिहायची. मोठी माणसं कामात असतात, त्यांना सहीपुरतंच सतवायचं असतं.

माझ्या वकील संज्योत केळुस्कर. मूळच्या मालवणच्या, ऑफिस न्यू जर्सीत. त्यांना मी पहिला मसुदा पाठवला त्याच दुपारी त्यांचा फोन आला होता.

"पोंक्षे, हे काय आहे?"

"मिनेसोटाच्या प्रोफेसरांचं पत्र."

"'पोंक्षे यांचं काम समाधानकारक असून ते वेळेवर येतात.' हे पत्र आहे की प्रगतिपुस्तक? समाधानकारक माणसाला हा देश घरी पाठवतो. तुम्ही स्वतःबद्दल जरा बरं लिहा हो."

"आमच्याकडे एवढंच लिहितात."

ते खरं होतं. बोर्डात मी जिल्ह्यात तिसरा आलो तेव्हा वडील गुणपत्रिका उलटून मागची बाजूही बघून म्हणाले होते, "ठीक." त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड झालं, पण ते कशाबद्दल हे जेवताना कुणी बोललं नाही. अशा घरातून आलेल्या माणसाने तीन आठवडे बसून, सहा निरनिराळ्या गोऱ्या माणसांच्या आवाजात, स्वतःची स्तुती लिहिली. मिनेसोटातून मी स्वतःला पथदर्शक म्हटलं. कॅनडातून म्हटलं की याला तोड नाही. टेक्ससच्या एका गृहस्थांच्या वतीने तर मी इतका वाहवत गेलो, की वाचून मला स्वतःला भेटावंसं वाटलं.

आणि सरकारने ते मानलं. मी असामान्य असल्याचं पत्र आलं तेव्हा घरात दाखवायला कुणी नव्हतं. मी ते फ्रिजवर लावलं. अंडी काढताना वाचायचो.

घरात कुणी नव्हतं, कारण कार्डाचा दुसरा टप्पा बाकी होता. त्याचा अर्ज पहिल्याबरोबरच टाकला होता, आणि तो टाकला की खरं कार्ड येईपर्यंत नवराबायको दोघांना काम करायचा तात्पुरता परवाना मिळतो. माझी बायको वृंदा आर्किटेक्ट. माझ्या व्हिसावर आल्यामुळे तिने अकरा वर्षं नेब्रास्कात एकही भिंत उभी केली नव्हती. परवाना हातात पडल्यावर सहाव्या आठवड्यात तिला न्यू जर्सीत नोकरी मिळाली. ती गेली, आमची मुक्ता तिच्याबरोबर गेली. मी मागे राहिलो, कारण केळुस्करबाई म्हणाल्या होत्या, "अर्ज स्वतःच्या जिवावर केलाय, त्यामुळे कंपनी बदलली तर चालते. पण काम तेच दिसलं पाहिजे. अधिकाऱ्याच्या मनात शंका आली तर सगळं पहिल्यापासून. कार्ड येईपर्यंत जागचे हलू नका."

चार-सहा महिन्यांचा प्रश्न होता. त्याला दोन वर्षं झाली.

आणि आता न्यू जर्सीतच, वृंदाच्या घरापासून वीस मिनिटांवर, एका विमा कंपनीने मला बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही. केळुस्करबाईंचं म्हणणं, नवं काम जुन्या कामाचाच पुढचा भाग आहे असं या धंद्यातल्या माणसाचं पत्र हातात असल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. "प्रोफेसर नकोत आता," त्या म्हणाल्या. "अधिकारी प्रोफेसरांना कंटाळलेत. धुळीत हात घातलेला माणूस आणा."

म्हणून मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो.

"बरं," व्हर्न म्हणाला. "हे तिसरं वाक्य. 'नव्या जागी डॉ. पोंक्षे नेमकं हेच काम करणार आहेत.' हेच म्हणजे कुठलं?"

"आत्ता करतो तेच."

"आत्ता तू काय करतोस?"

हे त्याला ठाऊक होतं. पण व्हर्नला प्रत्येक गोष्ट शेवटच्या खिळ्यापर्यंत तपासायची सवय होती, आणि त्याला कारण होतं. मक्याची धूळ हवेत उडते. पट्ट्याचं बेअरिंग तापलं, ठिणगी पडली, तर ती धूळ पेटते आणि कोठार बॉम्बसारखं उडतं. याच कोठाराच्या जागी आधीचं एक कोठार होतं. ते एक्क्याऐंशी साली उडालं. त्यात व्हर्नचा धाकटा भाऊ डेल गेला. टेबलावर त्याचा फोटो होता, त्यात तो कुणाच्या तरी लग्नात केक खात होता.

"बेअरिंग किती तापलंय ते माझं यंत्र मोजतं," मी म्हणालो. "आकडा आमच्या ऑफिसात पडद्यावर दिसतो. शंभरापैकी साठच्या वर गेला की धोका. मग मी फोन करतो."

"मला."

"तुला."

"आणि तिथे? न्यू जर्सीत?"

"तिथेही आकडे पडद्यावर दिसणार. इथे एकतीस कोठारं आहेत, तिथे चारशेच्या वर. देशभरची."

"काटा वर गेला की तू फोन कोणाला करणार?"

मी खुर्ची जरा फिरवली. ती कुरकुरली.

"फोन असा नाही. नोंद होते."

"कुठे?"

"फाईलमध्ये. मग वर्षाच्या शेवटी त्यावरून त्या कोठाराचा विमा किती धोक्याचा ते ठरतं. तसं पत्र जातं त्यांना."

"वर्षाच्या शेवटी."

"हो."

"मार्चमध्ये काटा वर गेला तर?"

"मार्चची नोंद असते."

नेब्रास्कातली माणसं न बोलण्यात तयार असतात. पण मीही चिपळूणहून सांगलीला आलेल्या पोंक्ष्यांपैकी होतो. आम्ही दोघं साधारण चार मिनिटं गप्प बसलो. बाहेर पट्टा खडखडत होता. मक्याचा हंगाम होता, त्यामुळे त्या दिवसांत तो पहाटेपासून चालायचा, आणि तो चालू असताना ऑफिसात ओरडूनच बोलावं लागायचं. आत्ताही आम्ही ओरडूनच बोलत होतो.

"मग हे तेच काम आहे," तो शेवटी म्हणाला, "असं मी कसं लिहू, डॉक?"

"तू नाही लिहायचंस. मी लिहिलंय."

"सही कोणाची?"

असामान्य माणसाकडे याचं उत्तर असायला हवं होतं.

"तिथे पोरगी आहे तुझी?" त्याने विचारलं.

"तेरा वर्षांची झाली."

"आणि बायको."

"हो."

"फोन करतात?"

"रविवारी." मग मी म्हणालो, "दर रविवारी असं नाही. त्यांनाही कामं असतात."

त्याने कागदाची नीट घडी केली आणि डेलच्या फोटोखाली ठेवली. "वाचतो," म्हणाला. खाली केळुस्करबाईंचा पत्ता आहे ना, एवढं त्याने पाहून घेतलं. मी उठलो. दारापर्यंत आल्यावर तो मागून ओरडला, "काल काय शिजवलंस?"

"पोहे."

"ते चपटे तांदूळ?"

"तेच."

"तांदळाने काय बिघडवलं होतं कोण जाणे," व्हर्न म्हणाला.

हा विनोद त्याने आतापर्यंत वीसेक वेळा केला होता. मी दर वेळी हसायचो, कारण त्या जिल्ह्यात मी रात्री काय जेवलो हे माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. फोन साठच्या वर गेला की करायचा, हा कंपनीचा नियम. बाकीच्या तीस कोठारांना मी साठलाच करायचो. तिथली माणसं आकडा ऐकून फोन ठेवायची. एकाला मी हवा कशी आहे विचारलं तर तो म्हणाला, "का? यंत्र बिघडलंय का?" ऑफिसात आम्ही सात जण होतो. सहा जण जेवणाच्या खोलीत जेवायचे. मी गाडीत. एकदा मी तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये लसणाची आमटी गरम केली होती. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी होती, 'कृपया इतरांचा विचार करा.' चिठ्ठीवर कुणाचं नाव नव्हतं आणि शेवटी एक हसरा चेहरा काढलेला होता. त्या चेहऱ्यामुळे मला त्यांच्यावर रागावताही येईना. तेव्हापासून गाडी.

वृंदा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एकदा व्हर्नचा काटा छप्पन्नवर होता आणि मी फोन केला. खबरदारी म्हणून. "थांबवला पट्टा," तो म्हणाला. मग त्याने हवा सांगितली. मी मुक्ताचं गणित सांगितलं. त्याने कांदे हिवाळाभर कसे टिकवायचे ते सांगितलं. अकरा मिनिटं झाली. पुढच्या आठवड्यात मी त्रेपन्नला केला. उन्हाळ्यापर्यंत पन्नासला आलो, आणि त्या ऑक्टोबरात मी चाळीसला फोन करत होतो. चाळीस म्हणजे काहीच नाही. चाळीसला बेअरिंग हाताला कोमट लागतं. पण काटा रोज सकाळी सातच्या सुमारास, पट्ट्यावर भार आला की, चाळीसला स्पर्श करायचाच. व्हर्न पहिली घंटी पुरी व्हायच्या आत फोन उचलायचा. माझ्या क्षेत्रातला इतका दक्ष माणूस मी पाहिला नव्हता. मी आकडा सांगेपर्यंत त्याने पट्टा बंदही केलेला असायचा. त्याच्यामागे कधी कसला आवाज नसायचा. त्या शांततेत आम्ही बोलायचो. मी दररोज एका चालत्या कोठाराचा पट्टा, भर हंगामात, विनाकारण बंद पाडत होतो, आणि त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती. मला ते जाणवायचं. तरी मी फोन करायचो.

त्या शनिवारी संध्याकाळी मी वृंदाला फोन केला.

"दिलं का त्याने पत्र?" तिने विचारलं.

"वाचतो म्हणालाय."

"वाचतो म्हणजे? अरे, शुक्रवारी उत्तर द्यायचंय आपल्याला. त्यात वाचण्यासारखं काय आहे?"

"मी असामान्य आहे असं आहे त्यात."

"मग बरोबर आहे, वेळ लागेल त्याला." ती हसली. मग आवाज बदलला. "जयवंत, मुक्ताने शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा फोन नंबर लिहिला नाही. मी विचारलं तर म्हणते, बाबाला बोलावलं तर त्याला यायला विमान लागेल, मग कशाला उगाच लिहायचा. रडली वगैरे नाही हां. नुसतं सांगितलं. त्याचंच मला कसंतरी झालं."

"लिही म्हणावं."

"तू ये. मग लिहील."

सोमवारी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी काटा एकेचाळीसवर गेला. मी फोन लावला.

"थांबवला पट्टा," व्हर्न म्हणाला. मागे शांतता.

"पत्राचं काय झालं?"

"टाकलं पोस्टात. तुझ्या वकिलीणबाईंना थेट."

"सही केलीस?"

"सही केली. थोडं माझंही लिहिलं वेगळ्या कागदावर. ज्याला जे पाहिजे ते घेईल." मग म्हणाला, "बर्फ पडेल गुरुवारी. टायर बदल."

बर्फ गुरुवारीच पडलं. मी गाडीत जेवत होतो, काचा पांढऱ्या झालेल्या, तेव्हा केळुस्करबाईंचा फोन आला.

"पोंक्षे, आलं पत्र. उत्तम आहे. एक अक्षर बदललेलं नाही, खाली सही, तारीख, सगळं व्यवस्थित. तुम्ही खुशाल राजीनामा द्या."

मी आभार मानले.

"थांबा. सोबत आणखी एक कागद आहे. हाताने लिहिलेला. हा मी फाईलला लावू शकत नाही. पण तुम्हाला वाचून दाखवणं माझं कर्तव्य आहे. वाचू?"

"वाचा."

त्या वकिली आवाजात वाचू लागल्या. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो.

"'ज्याच्या हातात पडेल त्याला. सोबतच्या कागदावर मी सही केली आहे. तिथलं काम हेच काम आहे असं त्यात लिहिलंय. ते हेच काम नाही. पण त्याचं घर तिकडे आहे आणि ते विचारायला तुमच्या अर्जात रकाना नाही, म्हणून सही केली. आता त्याच्या इथल्या कामाबद्दल. त्याच्या यंत्राच्या डब्याला मागे एक जादा तार होती. ती मी पहिल्याच वर्षी इलेक्ट्रिशियनकडून माझ्या घंटेला जोडून घेतली. काटा वर गेला की घंटा वाजते. त्यामुळे त्याने फोन करायची गरज नाही. कधीच नव्हती.'" बाई थांबल्या. "पोंक्षे, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"'आधी घंटा साठला वाजायची. मग तो छप्पन्नला फोन करू लागला, तेव्हा मी घंटा छप्पन्नला आणून घेतली. तो पन्नासला आला, मी पन्नासला आणली. आता चाळीसला आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, चाळीसला कोणी घंटा लावतं का? ती वाजली की मी ऑफिसात येतो आणि पट्टा बंद करतो, कारण पट्टा चालू असला तर त्याचं बोलणं मला ऐकू येत नाही. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. घंटेचं मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो फोन करणं बंद करील असं मला वाटलं. बाकी माणूस ठीक आहे. व्हर्न लिंडहोम.'"

गाडीच्या काचेवरून बर्फाचा एक तुकडा घसरला आणि पलीकडे ऑफिसची भिंत दिसली.

"पोंक्षे, हा गृहस्थ अमेरिकन सरकारला लेखी सांगतोय की तुमची गरज नव्हती."

"हो."

"हे आपण लावणार नाही."

"नाही."

"फाडू?"

"नको, मला पाठवा."

आता सल्ला येईल असं मला वाटलं, पण आला नाही. "पाठवते," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी मी विमा कंपनीला हो म्हटलं आणि राजीनामा दिला. दोन आठवड्यांनी, शेवटच्या दिवशी, सकाळी सातच्या आधीच व्हर्नला भेटायला गेलो. तिकडे आमच्या ऑफिसात यंत्राच्या पडद्यासमोर माझ्या जागी केल्सी नावाची तरतरीत मुलगी बसली होती. ती नियमाने चालणारी होती, आणि नियम साठचा होता.

व्हर्नने मला न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं आणि कॉफी दिली. पत्राबद्दल मी बोललो नाही. तोही बोलला नाही. मी दारावरच्या घंटेकडे बघणार नाही असं ठरवलं होतं, आणि सगळा वेळ तिच्याकडेच बघत होतो.

"न्यू जर्सी," तो ओरडला. पट्टा चालू होता. "याहून वाईट जागा असतील."

"असतील," मी ओरडलो.

तेवढ्यात ती वाजली. शाळा सुटल्यासारखी, पत्र्याच्या आवाजात, लांबलचक. व्हर्न उठला. सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. पट्टा खडखडत थांबला आणि ऑफिसात ती शांतता आली, जी मी आतापर्यंत फक्त फोनमधून ऐकली होती. त्याने एक हात टेबलावरच्या फोनवर ठेवला.

फोन वाजला नाही. केल्सीच्या पडद्यावर काटा चाळीसवर होता आणि चाळीस म्हणजे काहीच नव्हतं.

तो फोनकडे बघत उभा होता, मी खुर्चीत बसून फोनकडे बघत होतो. फोन वाजणार नाही हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं, आणि ज्याने करायचा तो समोर कॉफी पीत बसला होता. तरी आम्ही मिनिटभर वाट पाहिली. मग त्याने हात काढला, बटण दाबलं, पट्टा पुन्हा सुरू झाला.

"टायर बदललेस का?" तो ओरडला.

मी मान हलवली.

न्यू जर्सीत मला मिळालेल्या टेबलावर दोन पडदे होते, फोन नव्हता. चारशे बारा कोठारांचे काटे वरखाली व्हायचे आणि आपोआप नोंदले जायचे. कुणाला काही कळवायचं नसल्यामुळे काम बिनचूक होत असे. नोकरी बदलल्याबद्दल अधिकाऱ्याने पुढे मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, व्हर्नची सही असलेलं पत्र वाचलं आणि म्हणाला, "तुमच्याबद्दल लोकांचं मत फारच चांगलं आहे." कार्ड त्यानंतर सहा आठवड्यांनी आलं. वृंदाने ते मित्रमंडळींना दाखवलं. तिच्या ओळखीची चाळीसेक मराठी घरं होती, दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण असायचं, आणि लसणाच्या आमटीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मुक्ताने शाळेच्या फॉर्मवर माझा नंबर लिहिला. शाळेतून फोन मात्र कधी आला नाही. ती शहाणी मुलगी आहे. वृंदाने त्या दोन वर्षांत माझ्यावाचून नीट चालणारं घर उभं केलं होतं. आर्किटेक्ट आहे ती. सोफ्यावर कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं होतं, आणि मी बसलो की त्या दोघी न बोलता जरा सरकायच्या.

पण मला सांगायची आहे ती तिथली पहिलीच सोमवारची सकाळ. नोकरी मंगळवारपासून होती. वृंदा ऑफिसला गेली होती, मुक्ता शाळेत. नेब्रास्कात सात वाजले तेव्हा इथे आठ वाजले होते. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवून उभा होतो. समोर पडदा नव्हता, काटा नव्हता. मी फोन लावला.

या वेळी घंटी सहा-सात वेळा वाजली. मग उचलला गेला आणि एकदम पट्ट्याचा प्रचंड खडखडाट कानात शिरला. पहिल्यांदाच.

"लिंडहोम!" तो ओरडला.

"व्हर्न, मी बोलतोय."

"कोण?"

"मी. डॉक."

खडखडाट चालूच होता. त्यातून त्याचा श्वास ऐकू आला, की मला तसं वाटलं.

"किती आहे?" त्याने ओरडून विचारलं.

मी समोर पाहिलं. समोर फ्रिज होता. त्यावर दुधाची यादी होती.

"चाळीस," मी म्हणालो.

"थांब."

पावलं लांब गेली. खडखडाट हळू झाला, अडखळला आणि बंद पडला. मग पावलं परत आली आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं," व्हर्न म्हणाला. "बोल आता."